जवसाचं पाणी

चंद्रकलाबाईंना कोणी भेटलं की त्या आधी तोंडाकडे पाहत नसत, हाताकडे पाहत. ऑटोवाल्याने पिशवी धरायला हात पुढे केला की पिशवी राहायची बाजूला, आणि त्याचा पंजा उलटा करून त्या म्हणायच्या, "काहून गा, हँडलचं रबर फाटलं का तुह्या? सालं निघून राहिली ना हाताची."

एकदा सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर पिशव्या तपासणाऱ्या पोरीचा हात त्यांनी धरून ठेवला. मागे रांग थांबली.

"हातमोजे दिवसभर घालते का वं?"

"हो काकू, ड्युटी आहे ना. पुढे चला."

"आतून वले होतात ना? दुपारी काढून वाळवत जाय. नाई तं बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतीन."

पोरगी आधी घाबरली. मग हसली आणि हळूच दुसरा हातही पुढे केला. "हा पाहा काकू, हा जास्त खाजवते."

रांगेतले लोक बडबडायला लागले. मी मान खाली घालून उभी होते. त्यांच्यासोबत बाहेर पडलं की मला दिवसातून एकदा तरी जमिनीत शिरावंसं वाटे.

मी त्यांना मावशी म्हणत असे. इथेही तसंच म्हणते.

मावशी रफू करत. गांधीबागेत साड्यांच्या एका दुकानाच्या तिसऱ्या माळ्यावर त्यांची खोली होती. खोलीत एक सतरंजी, एक बुटकं डेस्क आणि उत्तरेकडची खिडकी, एवढंच. उन्हाळ्यात वरची गच्ची तापायची आणि कूलर नुसती गरम हवा फेकायचा, पण मावशी ती खिडकी सोडून खाली यायला तयार नसत. त्या उजेडात धाग्याचा खरा रंग दिसतो असं त्यांचं म्हणणं. उंदराने कुरतडलेल्या, इस्त्रीने जळलेल्या, पैंजणात अडकून फाटलेल्या साड्या त्यांच्याकडे यायच्या. साडीचं जे टोक कमरेत खोचलं जातं, तिथले धागे त्या अलगद ओढून काढत आणि त्याच धाग्यांनी भोक विणून भरत. दुसरा धागा वापरत नसत.

रेशमाला खरखरीत हात चालत नाही. बोटाला तिळाएवढं सालपट असलं तरी धागा अडकतो आणि ओढला जातो. तेल लावावं तर डाग पडतो, क्रीम लावावं तर तेही कापडावर उतरतं. म्हणून मावशी रोज सकाळी स्टीलच्या छोट्या डब्यात जवसाचं पाणी आणत. मूठभर जवस आदल्या दिवशी भिजत घालायचा, सकाळी मंद गॅसवर उकळायचा. पळीतून पडताना तार धरू लागला की गॅस बंद करायचा आणि गरम असतानाच मलमलच्या फडक्यातून गाळायचा. गार झाला की तो फडक्यातून उतरत नाही, गोळा होऊन बसतो. त्याला ओल्या गवतासारखा मंद वास येतो.

ते बुळबुळीत पाणी दोन्ही हातांना लावून मावशी हात हवेत धरून बसत, नवरी मेंदी वाळवते तसे. मग ओल्या फडक्याने हात पुसत. मग जुन्या रेशमाची एक चिंधी होती, ती तळव्यावरून ओढत. चिंधी गुपचूप सरकली तर काम सुरू. खर्र वाजली तर परत डबा.

मी त्या दुकानात आले ती साड्यांच्या घड्या घालायला. त्याआधी चार घरची भांडी घासत असे. पहिल्याच दिवशी शेठजींनी मोतिया रंगाची रेशमी साडी हातात दिली आणि माझ्या बोटात अडकून तिचा धागा निघाला. साडीवर या काठापासून त्या काठापर्यंत सुरकुती पडली. मला रडूही येईना. वर रफूवाली बाई बसते असं कोणीतरी म्हटलं होतं, म्हणून साडी छातीशी धरून मी तीन जिने चढले.

मावशींनी साडीकडे पाहिलंच नाही. "हात दाखव," म्हणाल्या.

मी दाखवले.

"हे हात होय का किसणी होय वं?"

मी हात मागे घेतले.

"बोलता येते का नाई?"

मी मान हलवली.

"मंग बोल ना. मी मुकी समजून राहिली तुले."

"येते," मी म्हटलं.

"आयकू तं काई आलं नाई, पण जाऊ दे. बस."

सुईच्या टोकाने त्या तो धागा कणाकणाने मागे सरकवत राहिल्या आणि मला बोलत राहिल्या. भांड्याचा साबण कोणता, हात कशाला पुसते, रात्री काय लावते, काहीच नाही म्हणजे काय, देवानं हात भाड्यानं दिले का. दहा मिनिटांत साडी होती तशी झाली. मग जिन्यात जाऊन त्या खाली ओरडल्या, "शेठजी, हिचे हात माह्याकडे जमा हायत. आठ दिवसानं नेजा."

"अरे चंद्राबाई, मैंने उसको घड़ी करने को रखा है! हातावर हात धरून बसायला नाही ठेवली!"

"आठ दिवस तेच काम हाय तिले."

आणि खरंच आठ दिवस मी जवसाचं पाणी लावून हातावर हात ठेवून त्यांच्याजवळ बसले. नवव्या दिवशी चिंधी माझ्या तळव्यावरून न वाजता सरकली, तेव्हा मावशींना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. खाली घड्या घालायला मी परत गेलेच नाही. अकरा वर्षं त्यांच्या बाजूला बसून रफू शिकले.

आम्ही एकाच गल्लीत राहत होतो, त्यामुळे त्यांचं घरही मला माहीत होतं. मावशी भांडी घासत नसत, मिरच्या चिरत नसत, संत्रं सोलत नसत. नवरा लवकर गेला. मुलगी ज्योती शाळेत असल्यापासून घरची भांडी घासायची. गल्लीतल्या बाया टोमणे मारत, "काहून वं चंद्राबाई, हात का लॉकरात ठेवता?"

"ठेवले असते बाई, पण मंग जेवू कायनं?" मावशी म्हणत.

हिवाळ्यात ज्योती संत्रं सोलून फोड थेट आईच्या तोंडात घालायची. ती मोठी झाली, विमानतळाजवळ मिहानमधल्या कंपनीत नोकरीला लागली, तरी घालायची. मावशी पाखराच्या पिलासारखं तोंड उघडून बसत. एरवी सगळ्या गल्लीला धाकात ठेवणारी बाई तेव्हा फार लहान दिसायची.

त्यांचा एक नियम होता. रफू झाल्यावर भोक कुठे होतं ते गिऱ्हाइकाला दाखवायचं नाही. एकदा एक मुलगी आली. तिचं लग्न पंधरा दिवसांवर होतं. तिला आईचा शालू नेसायचा होता, आई नव्हती. पदराजवळ उंदराने मोठं भोक पाडलेलं. मावशींनी चार दिवस दुसरं काही हातात घेतलं नाही. मुलगी शालू न्यायला आली आणि उलटसुलट करून थकली.

"काकू, कुठे होतं हो?"

"कुठंच नव्हतं."

"सांगा ना हो."

"नाई सांगत. एकडाव दाखवलं का जन्मभर डोळा तिथंच जाईन तुहा. मायचा शालू पाहाचा का भोक पाहाचं?"

मुलगी रडायला लागली. मावशींनी तिचे हात हातात घेतले. मला वाटलं आता धीर देतील. त्या म्हणाल्या, "मेंदीच्या आधी दोन दिवस जवस लाव. रंग मस्त चढते."

तो नियम मी फार चांगला शिकले. मला तसंही बोलायची सवय नव्हती.

एकदा ज्योतीने ऑफिसातून येताना एक बाटली आणली. पाण्यासारखी स्वच्छ, वर पान-फुलाचं चित्र. तिने त्यावरचं इंग्रजी आम्हाला वाचून दाखवलं. कातडीला थंडावा देते, ओलावा धरून ठेवते, नाजूक कातडीलाही चालते.

"आई, हे काय आहे ठाऊक आहे? जवस! तुझंच ते. आता तयार मिळते."

"जवसाचं पाणी विकून राहिले?" मावशींनी बाटली उजेडात धरली. "अन् लोक घेऊन राहिले?"

"सगळ्या पोरी लावतात माझ्या ऑफिसात."

मावशींनी वास घेतला. "गुलाबाचा वास होय हा. जवसाचा काई पत्ताच नाई." पण हाताला लावलं, पुसलं, आणि इमानदारीने चिंधी ओढून पाहिली. चिंधी सरकली. मावशींनी बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "माल बरा हाय. पण कोमट नाई ना वं. सकाळी कोमट लागते हाताले, तवा हात जागे होतात." आणि ती बाटली मला देऊन टाकली.

दोन वर्षांपूर्वी मावशींच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. त्यानंतर, गाठ परत होऊ नये म्हणून, गोळ्या सुरू झाल्या. दोन आठवडे घ्यायच्या, एक आठवडा सोडायच्या, असं सहा महिने. गोळ्या आणायला गेलो तेव्हा मी सोबत होते. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं होतं. या गोळ्यांनी काहींचे तळहात-तळपाय लाल होतात, जळजळतात, सालं निघतात. तसं झालं तर लगेच या. गोळ्या कमी करता येतात, काही दिवस थांबवता येतात. पण आम्हाला विचारून. ज्योतीने ते कागदावर लिहून घेतलं.

पहिला महिना बरा गेला. मावशी कामावर यायला लागल्या. ज्योती म्हणायची, "आई, आता बस झालं. घरी राहा." मावशी म्हणायच्या, "घरी कोण हाय माह्याशी बोलायले? फ्रिज?"

मग एका सकाळी त्यांनी जवस लावला, पुसला, चिंधी ओढली आणि ती वाजली. त्यांनी परत लावला. परत वाजली. तिसऱ्यांदा चिंधी तळव्याला चिकटूनच बसली. त्यांनी ती सोडवली, घडी केली आणि डेस्कखाली ठेवली. मी पाहत होते. तळवे लाल झाले होते आणि बोटांच्या टोकांची कातडी कागदासारखी निघत होती.

"थंडीनं झालं," त्या म्हणाल्या. तेव्हा थंडी संपत आली होती.

पुढचे पंधरा दिवस मी त्यांना सुईत धागा ओवून देत होते. जवसाचं पाणी लावलं की थोडा वेळ जळजळ थांबायची, म्हणून त्या दिवसातून चारदा लावत, आणि घरी ज्योतीसमोर हात पदराखाली ठेवत. राशनच्या दुकानात मशीनवर अंगठा उमटेना. दुकानदार म्हणाला, "मावशी, अंगठा पुसून लावा."

"अंगठाच पुसला गेला बाप्पा," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

त्यानंतर हात हळूहळू बरे होऊ लागले. मला वाटलं, जवसाने झाले. मला खरंच तसं वाटलं. नंतर एक दिवस टाचण्या पाहिजे होत्या म्हणून मी डेस्कमधला एक डबा उघडला, तो टाचण्यांचा नव्हता. त्यात गोळ्या होत्या. फिकट, लांबट, खूप.

"मावशी, हे का होय?"

"दिसत नाई का? गोळ्या होय."

"घेत नाई तुमी?"

"ज्योती वाटीत काढून देते, मी पदरात घेतो अन् इथं आणतो." त्यांनी सुई खाली ठेवली. "शोभे, सुई बोटात हाय का नाई ते समजे ना मले. बोटात घुसली तरी समजलं नाई, रक्त दिसलं तवा समजलं. सुई धरता नाई आली तं मी दिवसभर करू का? भिंतीकडं पाहू?"

"ज्योतीले सांगा ना. डॉक्टरीणबाई म्हणे, कमी करता येतात."

"सांगितलं तं ते पहिले माहं काम बंद करीन. गोळ्याचं मंग पाहीन. तू सांगशीन का तिले?"

मी डब्यातल्या गोळ्यांकडे पाहत राहिले.

"रफूवाली हायेस ना तू?"

मी डब्याचं झाकण लावलं आणि होता तिथे ठेवून दिला.

त्यानंतरचे चार-पाच महिने मावशींचे सगळ्यात चांगले गेले. हे लिहायला मला लाज वाटते, पण ते खरं आहे. चिंधी पुन्हा सरकू लागली. एका जुन्या जरीच्या शालूला सात ठिकाणी भोकं होती, तो त्यांनी महिनाभर बसून असा भरला की शेठजी स्वतः वर आले, चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं आणि हात जोडून खाली गेले. मावशी गाणं गुणगुणत काम करायच्या. मी बाजूला बसून तो बंद डबा पाहायची. रोज संध्याकाळी ठरवायची, आज ज्योतीशी बोलायचं. ज्योती कंपनीच्या बसमधून उतरायची, मला पाहून हसायची, "काकू, आईने डबा खाल्ला ना?" विचारायची. मी "हो" म्हणायची. तिने जे विचारलं त्याचंच उत्तर द्यायची.

मग तपासणीचा दिवस आला. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिले आणि विचारलं, "गोळ्या वेळेवर घेता ना, मावशी? हातांना काही त्रास?"

मावशींनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, तळवे वर करून. "पाहा ना मॅडम. काई नाई."

डॉक्टरीणबाईंनी हात पाहिले. त्यांना जरा नवल वाटल्यासारखं दिसलं. त्यांनी पुन्हा विचारलं, "एकही चुकवली नाही ना?" तेव्हा ज्योती माझ्याकडे वळली. "काकू, तुम्ही तर दिवसभर सोबत असता. दुपारी कधी विसरते का आई?"

दुपारच्या गोळ्या नव्हत्याच. सकाळ-संध्याकाळच्या होत्या, हे तिलाही ठाऊक होतं. ती घाईत चुकून बोलली. पण मी तेवढ्याचाच आधार घेतला. "नाही," मी म्हटलं. तीन माणसं माझ्याकडे पाहत होती आणि माझ्या तोंडून एवढाच एक शब्द निघाला.

मशीनमध्ये झोपवून पोटाचे फोटो काढले तेव्हा आजार पोटातून पुढे गेला होता.

गोळ्या घेतल्या असत्या तर मावशी वाचल्या असत्या का, मला ठाऊक नाही. मी चौथी शिकलेली बाई, मला हे कसं कळणार. कोणाला विचारायचं तर आधी सगळं सांगावं लागतं. ज्योतीला मी अजून सांगितलेलं नाही.

शेवटचे दोन महिने त्या घरीच होत्या. मी सकाळी कामावर जायच्या आधी जवसाचं पाणी गरम गरम गाळून न्यायची आणि त्यांच्या हातांना लावायची. बोलायची ताकद कमी झाली होती, पण माझा हात हातात घेऊन तळवा चाचपून पाहायच्या आणि कुठे खरखरीत लागलं तर भुवई उचलायच्या. एकदा ज्योती स्वयंपाकघरात होती. मावशींनी हळूच विचारलं, "सांगितलं का तू?"

"नाई."

"शहाणी," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले.

त्या शब्दाचं काय करायचं, मला कळत नाही. मला त्यांनी अकरा वर्षांत कधी शहाणी म्हटलं नव्हतं.

त्या गेल्या तेव्हा सकाळ होती. गल्लीतल्या बाया जमल्या, अंगणात पाणी तापत ठेवलं. ज्योती आईच्या उशाशी बसली होती. तिने आईचा उजवा हात उचलून आपल्या गालाला लावला.

"काकू, इकडे या. पाहा ना, हात किती नरम आहेत आईचे. डॉक्टर म्हणाल्या होत्या, या गोळ्यांनी हातांचे हाल होतात म्हणून. आईला काहीच झालं नाही शेवटपर्यंत. तुम्ही रोज जवस लावला ना." आणि तिने माझा हात ओढून त्या हातावर ठेवला.

हात गार होता आणि खरंच नरम होता. कुठे एक सालपट नव्हतं.

माझ्या तोंडात शब्द आले होते. ज्योती माझ्याकडे पाहत होती, तिचे डोळे सुजलेले होते, आणि एवढ्या दुःखात एक गोष्ट तिला बरी सापडली होती.

पाणी तापलं म्हणून बायांनी हाक मारली. "आईचे हात तुम्हीच पुसा, काकू," ज्योती म्हणाली.

मी फडकं भिजवून पिळलं. एकेक बोट पुसलं, तळवे पुसले आणि दोन्ही हात साडीखाली झाकले.